दिवस कोणी ठरवायचा?

नेदरलँड्समधल्या डॉक्टरांना काही वर्षांपूर्वी एक थेट प्रश्न विचारला गेला होता. रुग्णाने स्वतः मागितलं, तर त्याला दयामरण देण्याचा विचार तुम्ही करू शकाल का? फॅमिली डॉक्टर, वृद्धांची देखभाल करणारे डॉक्टर आणि इतर तज्ज्ञ मिळून साडेचौदाशेच्या आसपास जणांनी उत्तरं दिली. ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. कॅन्सरच्या रुग्णाबाबत ८५ टक्के डॉक्टर 'हो' म्हणाले, इतर शारीरिक आजारांबाबत ८२ टक्के. डिमेन्शियाची, म्हणजे स्मृती आणि समज हळूहळू जाणाऱ्या आजाराची, नुकती सुरुवात असेल तर मात्र हा आकडा ४० टक्क्यांवर आला. आणि डिमेन्शिया बराच पुढे गेलेला असेल, तर फार तर ३३.

मला लिहायचं आहे ते या दोन टोकांच्या मधल्या डॉक्टरांबद्दल. दयामरण त्यांना मान्य आहे. त्यांच्यातल्या अनेकांनी ते स्वतःच्या हाताने दिलेलंही आहे. पण डिमेन्शिया झालेल्या माणसाच्या बिछान्यापाशी आले की त्यांचा हात थांबतो. कुणी त्यांना भित्रं म्हणतं, कुणी जुन्या वळणाचं. मला दोन्ही पटत नाही. त्यांना तिथे काहीतरी कळलेलं असतं, आणि ते उद्या रुग्ण होणाऱ्यांनी आणि आज नातेवाईक असणाऱ्यांनी नीट ऐकून घ्यायला हवं.

नेदरलँड्सचं उदाहरण घ्यायला कारण आहे. तिथला कायदा १ एप्रिल २००२ पासून लागू आहे. म्हणजे 'असावं की नसावं' या वादाच्या पुढे जाऊन, प्रत्यक्ष करताना काय होतं, याचा वीस वर्षांहून जास्त अनुभव तिथे साठला आहे. दुसरं म्हणजे, तिथे दयामरण देणारा माणूस बहुतेक वेळा कुणी खास नेमलेला तज्ज्ञ नसतो. पाचांतल्या जवळजवळ चार वेळा तो त्या घराचा फॅमिली डॉक्टर असतो. ज्याने खोकल्याचं औषध दिलं, मधुमेहाच्या गोळ्या वाढवल्या, तोच. मरण हेही त्याच्याच कामात येतं, हे आधी लक्षात घेतलं पाहिजे.

कॅन्सरच्या रुग्णाच्या घरी हे कसं घडतं ते बघा. मागणी रुग्णाची हवी, स्वतःच्या इच्छेने आणि विचारपूर्वक केलेली हवी. यातना असह्य आहेत आणि सुधारण्याची आशा नाही, याची डॉक्टरांची खात्री पटायला हवी. दुसरा काही वाजवी मार्ग उरलेला नाही, यावर दोघांचं एकमत हवं. मग एक दुसरा, संबंध नसलेला डॉक्टर येऊन रुग्णाला भेटतो आणि लेखी मत देतो. या कामासाठी प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांची देशभर वेगळी व्यवस्था आहे. सगळं झाल्यावर प्रकरण विभागीय समितीकडे जातं, जिच्यात कायदेतज्ज्ञ, डॉक्टर आणि नीतिशास्त्राचा जाणकार असे तिघंही असतात. आणि एवढं सगळं जुळून आलं तरी डॉक्टरवर सक्ती नसते. दयामरण मागण्याचा हक्क रुग्णाला आहे, मिळण्याचा नाही. डॉक्टर नाही म्हणू शकतो.

हे सगळे कागदी टप्पे. पण ठरलेल्या दिवशी डॉक्टर घरी येतो, बिछान्याशी बसतो आणि शेवटचं एकदा विचारतो की तुम्हाला हे खरंच हवं आहे ना. रुग्ण मान हलवतो, किंवा 'हो' म्हणतो, किंवा डॉक्टरचेच आभार मानतो. त्यानंतर शिरेतून आधी गाढ बेशुद्धीचं औषध आणि मग स्नायू शिथिल करून श्वास थांबवणारं औषध दिलं जातं. तो दिवस डॉक्टरसाठी सोपा नसतो. अनेक जण त्या दिवशी दुसरे पेशंट ठेवत नाहीत. तरीही 'आम्ही दोघांनी मिळून हे केलं' असं त्याला म्हणता येतं, कारण त्या शेवटच्या प्रश्नाला समोरून उत्तर आलेलं असतं.

डिमेन्शियात नेमकं ते उत्तर जातं.

डच कायद्याने याचीही सोय केली आहे. सोळा किंवा त्याहून जास्त वर्षांच्या कुणीही शुद्धीवर आणि समजत्या अवस्थेत लिहून ठेवलं, तर पुढे बोलता आलं नाही तरी तो कागद तोंडी मागणीच्या जागी चालू शकतो. कायदा नुसता वाचला तर प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षातले आकडे वेगळं सांगतात. २०२४ मध्ये तिथे दयामरणाच्या ९,९५८ घटना नोंदल्या गेल्या. देशातल्या एकूण मृत्यूंच्या ५.८ टक्के. त्यांत डिमेन्शियाच्या ४२७ होत्या. आणि या ४२७ पैकी, आजार पुढे गेलेला आहे, बोलून मागणं शक्य नाही आणि आधार फक्त जुन्या लेखी इच्छापत्राचा आहे, अशा किती? सहा. त्याच्या आदल्या वर्षी आठ. कायद्याने दार उघडं ठेवलं आहे, आणि त्यातून आत जाणारे डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच आहेत.

जे एक प्रकरण जगभर गाजलं, ते २०१६ मधलं. एका नर्सिंग होममधली ७४ वर्षांची बाई. तिने लिहून ठेवलं होतं की नर्सिंग होममध्ये जायची वेळ आली तर मला मरण हवं. पण त्या कागदात असंही होतं की वेळ आली आहे असं मला वाटेल तेव्हा. तिथे गेल्यावर ती कधी मरायचंय म्हणायची, आणि कधी विचारलं तर आता नाही, अजून इतकं वाईट नाही, असंही सांगायची. तिथल्या डॉक्टरने तिच्या कॉफीत गुंगीचं औषध मिसळलं. इंजेक्शन देताना ती उठू लागली, तेव्हा घरच्यांनी तिला धरलं. डॉक्टरवर खटला झाला. २०१९ मध्ये हेगच्या न्यायालयाने त्या डॉक्टर बाईला निर्दोष ठरवलं आणि एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आजार पुढे गेलेल्या रुग्णाच्या बाबतीतही लेखी इच्छापत्राच्या आधारे दयामरण देता येतं. त्या कागदाचा अर्थ लावताना शब्दापलीकडची परिस्थिती बघता येते. मात्र रुग्णाचं आत्ताचं वागणं-बोलणं कागदाच्या उलट जात असेल, तर तेही डॉक्टरने विचारात घ्यायचं आहे.

त्या डॉक्टरला गुन्हेगार म्हणावं असं मलाही वाटत नाही. तिने सगळं उघडपणे नोंदवलं, लपवलं काहीच नाही, आणि त्या बाईच्या इच्छेला जागायचं म्हणूनच केलं. पण निकालाने उत्तर दिलं ते कायद्याच्या प्रश्नाला. दुसरा प्रश्न त्याच्या तीन वर्षं आधीच डच डॉक्टरांनी जाहीरपणे मांडला होता. २०१७ मध्ये दोनशेहून जास्त डॉक्टरांनी वर्तमानपत्रात पानभर जाहिरात दिली. जो माणूस आपल्याला काय दिलं जातंय हे समजू शकत नाही, त्याला नकळत औषध देऊन त्याचं आयुष्य संपवायला आमचं मन धजत नाही, असा तिचा आशय होता. सही करणाऱ्यांत दयामरण देणारे डॉक्टरही होते. त्यांचा विरोध मरण देण्याला नव्हता. नकळत देण्याला होता.

आता माझ्या मावशीबद्दल सांगते. हा विषय माझ्यासाठी पुस्तकातून आलेला नाही.

मावशी गणिताची शिक्षिका. पाठ ताठ, अक्षर रेखीव, वेळेच्या बाबतीत अतिशय कडक. तिच्या शाळेतल्या एका सहकारी बाईंना डिमेन्शिया झाला. त्यांना भेटून आली त्या दिवशी ती आम्हाला म्हणाली, "माझं असं झालं तर मला ठेवू नका. मला माझी मुलं भरवतायत, हे मला बघायचं नाही." हेच ती तिच्या फॅमिली डॉक्टरांनाही म्हणाली, आणि एकदा नाही. डॉक्टर तिला पंचविशीपासून ओळखत होते. ते जिथे काम करत होते तिथे कायद्याने असं काही करता येणारच नव्हतं, त्यामुळे त्यांच्यासमोर निवड अशी नव्हती. पण तिचं वाक्य त्यांच्या लक्षात होतं.

पुढे तिला तोच आजार झाला. सुरुवातीच्या काळात ती फार घाबरलेली असायची, कारण काय चाललंय हे तिला कळत होतं. वहीत सगळं लिहून ठेवायची, मग वहीच कुठे ठेवली ते विसरायची, आणि शोधताना सापडली की अपमान झाल्यासारखी बसून राहायची. मग हळूहळू ते कळणंही गेलं. आणि नंतर जे झालं त्याची आमच्यापैकी कुणीच कल्पना केली नव्हती. तिची सकाळ सुखाची झाली. शिवणाच्या डब्यातली बटणं ती टेबलावर ओतायची आणि रांगा लावायची. रंगाने, मग भोकांच्या संख्येने, मग आकाराने. दोन भोकांची एकीकडे, चार भोकांची दुसरीकडे. एखादं तीन भोकांचं निघालं की खूप वेळ हातात धरून बघायची आणि मग वेगळं ठेवायची. डॉक्टर आले की त्यांना समोर बसवायची. ते नाडी बघायचे, पायावरची सूज दाबून बघायचे. जाताना ती त्यांना एक बटण द्यायची. फी. डॉक्टर ते खिशात ठेवायचे आणि "पावती नको," म्हणायचे. ती हसायची. शिकवत होती तेव्हासुद्धा तिला इतकं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं.

आणि तीच मावशी संध्याकाळी दाराशी उभी राहून आईला हाका मारत रडायची. आंघोळीच्या वेळी ओरबाडायची. हात धरला की "सोडा, कोण तुम्ही" म्हणून किंचाळायची. काकांना ती ओळखत नव्हती आणि रात्री त्यांना खोलीबाहेर काढायची. हे आठवड्यातून एखाद्या वेळी नाही, रोजचंच होतं. त्यामुळे ती सुखात होती म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही आणि ती नुसती यातनेत होती म्हणणाऱ्यांशीही नाही.

डॉक्टरांना मी एकदा विचारलं होतं. समजा, कायदा असता, तिचा सही केलेला कागद तुमच्या हातात असता, तर तुम्ही केलं असतं का? ते लगेच बोलले नाहीत. मग म्हणाले, "कोणत्या दिवशी गं? सांग ना. मला तारीख सांग. सकाळी बटणं लावताना जाऊ, की संध्याकाळी रडताना? सकाळी गेलो तर ती मला फी देईल आणि मी तिला सुई देईन. संध्याकाळी गेलो तर घाबरलेल्या माणसाला धरून द्यावी लागेल. कॅन्सरवाला मला सांगतो, डॉक्टर, शनिवारी या, मुलगी येणार आहे. इथे शनिवार मी ठरवायचा."

मी त्या आकड्यांचं कोडं त्या उत्तरातून सोडवते. लिहून ठेवणाऱ्याला वाटतं की त्याने निर्णय घेतला आहे. त्याने अर्धाच घेतलेला असतो. 'मी तुम्हाला ओळखेनासा होईन तेव्हा,' 'माझं माझं करता येणार नाही तेव्हा.' हे 'तेव्हा' म्हणजे तारीख नसते. डिमेन्शियात माणूस एका दिवशी ओळखेनासा होत नाही. मंगळवारी मुलाला भाऊ समजतो, बुधवारी नावाने हाक मारतो, पुढचा महिनाभर कुणीच नाही, आणि मग एका दुपारी अचानक "जेवलास का?" विचारतो. उरलेला अर्धा निर्णय, म्हणजे अमुक दिवशी, अमुक वाजता, तो कागद डॉक्टरच्या पदरात टाकतो. आणि तोही अशा वेळी, जेव्हा ज्याच्या वतीने घ्यायचा त्याच्याशी त्यावर बोलता येत नाही.

तत्त्वज्ञांनी या प्रश्नावर खूप लिहिलं आहे. रोनाल्ड ड्वॉर्किन यांचं म्हणणं असं की माणूस आयुष्यभर ज्या मूल्यांनी जगला, त्यांना अनुसरून त्याने समजत्या अवस्थेत घेतलेला निर्णय पुढेही बांधील राहतो, मग तो आज कितीही आनंदी दिसो. रिबेका ड्रेसर यांनी उलट बाजू मांडली. समोर बसलेल्या माणसाचं आजचं सुख आणि आजचं दुःखही मोजायला हवं, जुन्या स्वतःला आजच्या स्वतःवर एवढी सत्ता का द्यायची? मला दोघांचंही वाचताना वाटत राहिलं की ही चर्चा दोन व्यक्तींबद्दल चालली आहे, तेव्हाची आणि आत्ताची. तिसरी व्यक्ती तिथेच उभी आहे आणि तिच्या हातात सिरिंज आहे. तिचा विचार या वादात फार उशिरा येतो.

मग लोक विचारतात, लवकर का करत नाहीत? कळतंय तोवर, बोलता येतंय तोवर? त्या ४२७ मधले बाकी सगळे तेच आहेत. आपलं काय होणार आहे हे ज्यांना अजून समजत होतं असे. डच डॉक्टर याला बाराला पाच कमी असताना म्हणतात. बारा वाजून गेले की बोलण्याची वेळ संपते. बेल्जियममध्ये तर दुसरा मार्गच नाही. तिथे लेखी इच्छापत्र चालतं ते फक्त कायमच्या बेशुद्धीसाठी, डिमेन्शियासाठी नाही. फ्लेमिश लेखक ह्यूगो क्लाऊस यांना अल्झायमर होता. मार्च २००८ मध्ये अँटवर्पमध्ये त्यांनी दयामरण घेतलं, शब्द पूर्णपणे हातचे जाण्याआधी.

यात माझी सहानुभूती पूर्णपणे त्या लवकर जाणाऱ्यांच्या बाजूने आहे. पण याची किंमत काय आहे तेही बघायला हवं. पाच मिनिटं आधी जायचं म्हणजे चांगले महिने, कदाचित चांगली वर्षं सोडून जायचं. आणि घड्याळाकडे बघत कोणी बसायचं? पुन्हा फॅमिली डॉक्टरच. 'तुमची निर्णयक्षमता अजून आहे, पण फार काळ राहीलसं वाटत नाही, मागायचं असेल तर आता मागा,' हे वाक्य त्याने कसं उच्चारायचं? बोललं तर ढकलल्यासारखं होतं. न बोलावं तर वेळ निघून जाते, आणि मग रुग्णाच्या मुली विचारतात की तुम्ही आधी का नाही सांगितलं. शिवाय निर्णयक्षमता ही वजनासारखी काट्यावर मोजता येत नाही. सकाळी असते, दुपारी थकल्यावर नसते. जेवणाबद्दल असते, घर विकण्याबद्दल नसते. आणि मरणाबद्दल आहे की नाही, हे नेहमीच्या दहा मिनिटांच्या तपासणीत ठरवायचं?

आजार पुढे गेला की कागद सहसा रुग्ण पुढे करत नाही. तो नातेवाईक घेऊन येतात. डच डॉक्टरांच्या मुलाखतींवर आधारलेल्या अभ्यासांत ही गोष्ट पुन्हा पुन्हा येते. घरच्यांचा दबाव, आणि 'बाबांनी लिहून ठेवलंय, म्हणजे आता तुम्हाला करावंच लागेल' हा गैरसमज. पण फॅमिली डॉक्टर घरच्यांकडे फक्त दबाव आणणारे म्हणून बघू शकत नाही, कारण तेही त्याचेच पेशंट असतात. मावशीचे डॉक्टर प्रत्येक खेपेला तिला तपासून झालं की काकांचं ब्लडप्रेशर घ्यायचे. ते वाढतच होतं. तिला उचलून काकांची पाठ गेली होती, झोप नव्हती, वजन उतरलं होतं. काका एकदा म्हणाले, "डॉक्टर, आता यातून सुटका व्हायला हवी हो." डॉक्टरांनी पट्टा सोडला, आकडा लिहिला, आणि रात्रीसाठी मदतनीस ठेवायचं बघूया म्हणाले. काकांच्या त्या वाक्यात मला काहीही वावगं वाटत नाही. त्यांची अवस्था बघितलेल्या कुणालाही वाटणार नाही. पण काकांचा त्रास मावशीच्या त्रासात मिसळला जाऊ नये, एकाच्या दमण्याचं औषध दुसरीच्या मरणात शोधलं जाऊ नये, हे त्या खोलीत लक्षात ठेवणारा माणूस एकच होता. तो फॅमिली डॉक्टर होता म्हणूनच त्याच्या लक्षात होतं.

नाही म्हणणाऱ्या डॉक्टरच्या रुग्णांसाठी नेदरलँड्समध्ये २०१२ पासून एक वेगळं केंद्र आहे. तिथले डॉक्टर अशा प्रकरणांत मुरलेले असतात, सावकाश वेळ देतात. ज्यांना कुठेच कुणी ऐकत नव्हतं त्यांच्यासाठी ते असणं मला योग्यच वाटतं. पण आजार पुढे गेलेल्या माणसाकडे मरण घेऊन येणारा परका असावा, हे काही उत्तर झालं नाही. तारखेचा प्रश्न तिथेही तसाच राहतो, फक्त तो सोडवणाऱ्याला बटणांच्या रांगा माहीत नसतात. कॅनडातल्या क्यूबेकनेही ऑक्टोबर २०२४ पासून आगाऊ मागणी स्वीकारायला सुरुवात केली आहे. म्हणजे 'कोणत्या दिवशी' हे आता आणखी एका ठिकाणच्या डॉक्टरांना विचारलं जाणार. जगात २०२१ साली पावणेसहा कोटींच्या आसपास माणसं डिमेन्शियासह जगत होती, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हा प्रश्न कुणाच्याच दारावरून पुढे जाणार नाही.

माझं मत सांगायचं तर, समजत्या माणसाला स्वतःच्या तोंडाने मागण्याचा हक्क असावा आणि त्याला साथ देणारे डॉक्टर असावेत. पण जो विसरून गेला आहे त्याच्यासाठी जुन्या कागदावरून तारीख काढायला मी कुठल्याही डॉक्टरला सांगू शकणार नाही. कायद्याने परवानगी दिली तरी नाही. कुणी स्वतःहून तयार झाला तर त्याला मी दोष देणार नाही. मागणं मात्र माझ्याने होणार नाही.

आणि डॉक्टरांकडूनही मला एक गोष्ट हवी आहे. नकार असेल तर तो वेळेवर द्यावा. कागद हातात घेऊन 'बघू पुढचं पुढे' म्हणत फाइलला लावून टाकायचा, हे मला सगळ्यांत वाईट वाटतं. माणूस निर्धास्त होतो की माझी सोय झाली, आणि मग बाराला पाच कमी असताना जागा राहत नाही. 'तुम्ही बोलू शकाल तोवर मी तुमच्या सोबत आहे, त्यानंतर सुई माझ्याच्याने होणार नाही,' हे ज्या दिवशी कागद दिला त्याच दिवशी कळलं तर रुग्णाला निदान ठरवता येतं.

माझ्या डॉक्टर बाईंनी ते मला सांगितलं. मी माझा कागद घेऊन त्यांच्याकडे गेले होते. त्यांनी तो सावकाश, दोनदा वाचला. म्हणाल्या, "हे शेवटचं मी करणार नाही. कायदा झाला तरी नाही. पण बाकी खूप काही करता येतं, ते तुम्ही लिहिलेलंच नाही." मग आम्ही त्यावर बोललो. आजार पुढे गेल्यावर न्यूमोनिया झाला तर हॉस्पिटलमध्ये हलवायचं की घरीच श्वास सुसह्य होईल एवढंच बघायचं? गिळता येईनासं झालं तर नळी घालायची का? या अवस्थेत नळीने आयुष्य वाढतं किंवा त्रास कमी होतो असं दिसलेलं नाही, वृद्धांच्या डॉक्टरांच्या अमेरिकन संघटनेचाही सल्ला नळीऐवजी हाताने, जमेल तेवढं, सावकाश भरवावं असाच आहे, हे त्यांनी मला समजावलं. मावशीला नको होतं ते नेमकं हेच भरवणं. मी मात्र माझ्या कागदात ते लिहिलं. छाती दाबून हृदय पुन्हा सुरू करायचं नाही. वेदनेला आणि घाबरण्याला औषध द्यायचं, त्याने आयुष्य थोडं कमी झालं तरी चालेल. एकेका ओळीवर त्यांनी विचारलं, हे नक्की का, आणि दोन ओळी मी बदलल्या.

शेवटी त्या म्हणाल्या, "मुलाला दाखवलात?"

दाखवला नव्हता. घरी येऊन दिला. त्याने उभ्याउभ्याच वाचायला घेतला आणि मग खुर्ची ओढून बसला. बराचसा मजकूर त्याला मान्य होता. एका वाक्याशी थांबला, 'तुम्हाला ओळखेनाशी झाले की माझं जगणं संपलं असं समजा.' म्हणाला, "आई, हे काढ. तू मला ओळखलं नाहीस तर तो त्रास मला होईल. तुला होईलच असं नाही. आणि हे वाचून ठरवायला मलाच बसावं लागेल."

मी त्याच्याशी वाद घातला, माझ्या परीने बराच. ते वाक्य अजून कागदात आहे. त्याच्यापुढे पेन्सिलने त्याने काढलेलं प्रश्नचिन्हही आहे, आणि ते खोडायला मला कारण सापडत नाही.